टाळीमावशीचा फोटो

सॅटर्न गाडीवाल्यांच्या मेळाव्याला व्हर्जिल स्टेगल वर्षानुवर्षं नावं ठेवत आला. बंद पडलेल्या गाडीचा कसला आलाय उत्सव, असं म्हणून जूनच्या त्या दिवशी तो मुद्दाम गळ घेऊन नदीवर जाऊन बसायचा. मग त्याची बायको गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो गुपचूप टेनेसीतल्या स्प्रिंग हिलच्या चर्चमागच्या मैदानात हजर झाला. लोकांना वाटलं, एकटा पडलाय बिचारा, चार माणसांत मन रमवायला आलाय. त्याचा जुना सोबती ब्युफर्ड ट्रॉटर याला वाटलं, केळ्याच्या पुडिंगवर डोळा ठेवून आलाय. खरं कारण व्हर्जिलनं कोणाला सांगितलं नव्हतं. तो एक फोटो शोधत होता.

त्या फोटोचं कळायचं तर आधी टाळ्यांचं कळायला हवं. सॅटर्न विकत घेणाऱ्याला नुसती किल्ली देऊन वाटेला लावत नसत. गाडी पुसूनपासून शोरूमच्या मधोमध उभी करायची आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमायचं, अगदी मागच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांनीसुद्धा. मालकाच्या हातात किल्ली पडली की टाळ्या, आरोळ्या आणि एक फोटो. लग्नात नवरानवरीचं होत नाही एवढं कौतुक त्या माणसाचं व्हायचं. भाव एकच असायचा, घासाघीस नाही, त्यामुळे घेणाराही खूश आणि विकणाऱ्याचंही तोंड वाकडं नाही. गाडीची दारं प्लास्टिकची. व्हर्जिल तेव्हा अशाच एका शोरूममध्ये मेकॅनिक होता आणि ब्युफर्ड विक्रेता. ब्युफर्ड गिऱ्हाइकासमोर दारावर सणसणीत लाथ घालायचा आणि पोचा पडलेला दाखवा म्हणायचा.

आता गाडीला सॅटर्न, म्हणजे शनीचं नाव द्यायची छाती आपल्यापैकी कोणाला झाली नसती. इथल्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही. गुरं चरायची त्या माळावर कारखाना उभा राहिला, त्यासाठी अमेरिकेच्या उत्तरेकडून माणसं घरंदारं उचलून टेनेसीत आली आणि गाडीवर त्यांनी पोटच्या पोरासारखा जीव लावला. एका उन्हाळ्यात तर देशभरातून हजारो मालक आपापल्या गाड्या घेऊन नुसता कारखाना बघायला आले होते, माहेरी यावं तसे. वीसेक वर्षं नाव चाललं. पुढे गाडीमागच्या मोठ्या कंपनीचं मन उडालं, कोणी विकत घेणार होतं तेही फिसकटलं, आणि शोरूमवरच्या पाट्या उतरल्या. कारखाना अजून आहे, पण तिथं आता दुसऱ्याच गाड्या बनतात. राहिले ते हे मालक, त्यांच्या म्हाताऱ्या गाड्या आणि जूनमधला एक दिवस.

मेळाव्याचा एक रिवाज आहे. गाडी घेतली त्या दिवशीचा फोटो ज्याच्या त्याच्या गाडीत समोरच्या काचेआड ठेवायचा. व्हर्जिलला ते ठाऊक होतं, म्हणूनच तो आला होता. पहिल्या वर्षी हात मागे बांधून तो एकेका काचेत डोकावत फिरला, आणि त्याच्या शोरूमच्या प्रत्येक फोटोत त्याला स्वतःचं थोबाड दिसलं. तेलकट कपडे, हाताची घडी, आणि कोणी जबरदस्तीनं एरंडेल पाजल्यासारखा चेहरा. बाकी सगळे हसताहेत, टाळ्या वाजवताहेत, आणि हा एकटा असा. कितीतरी अनोळखी घरांत आपण इतकी वर्षं हे तोंड घेऊन उभे आहोत हे बघून त्याला खरोखर लाज वाटली.

त्याची बायको ओपल मात्र एकाही फोटोत नव्हती. असणार कुठून? कॅमेरा तिच्याच हातात. ती शोरूमच्या पुढच्या टेबलाशी बसायची, फोन घ्यायची, आल्यागेल्याला कॉफी द्यायची आणि फोटो काढायची. त्या सगळ्या फोटोंमधली सगळी माणसं ओपलकडे बघून हसत होती, आणि ओपल कुठंच नव्हती.

घरी तिचे फोटो होते, नाही असं नाही. पण समोर कॅमेरा आला की त्या बाईला काय व्हायचं कोण जाणे, तोंड मिटून ती ताठ बसायची. लग्नाच्या फोटोत ताठ, चर्चच्या सभासदांच्या पुस्तकातल्या फोटोत ताठ, मोटार चालवायच्या परवान्यावर तर गुन्हेगारासारखी. आणि खरी ओपल अशी की हसायला लागली की डोळे बारीक व्हायचे, वरचा वाकडा दात दिसायचा आणि शेजारच्याच्या दंडावर एक फटका बसायचा. तो फटका व्हर्जिलला अजून आठवत होता. चेहरा पुसट होत चालला होता. सकाळी कॉफी घेताना तो डोळे मिटून तिला हसताना बघायचा प्रयत्न करायचा, आणि परवान्यावरची बाई समोर यायची. माणूस गेलं ते गेलंच, पण आता तिचं हसूही चाललंय, हे त्याला सहन होत नव्हतं.

आणि तिच्या हसण्याचा एक फोटो जगात होता. कारण तो त्यानंच काढला होता.

त्या दिवशी व्हर्जिल एका गाडीखाली उताणा पडला होता आणि त्याला टाळ्यांसाठी चौथ्यांदा बोलावणं आलं. तो तणतणत बाहेर आला. ‘‘मी मेकॅनिक आहे, भाट नाही! मी नाही वाजवणार टाळ्या.’’

शोरूमच्या मालकांच्या कपाळावर आठी पडली. ओपल उठली आणि तिनं कॅमेरा त्याच्या हातात कोंबला.

‘‘टाळ्या नको ना वाजवायला? मग हे धर. इथून बघ, इथं दाब. आत नटबोल्ट नाहीत, खोलत बसू नकोस.’’

गिऱ्हाईक होतं एका शाळेतले बँडचे मास्तर, एझेल कँट्रेल. उंचापुरा काळा माणूस, आवाज असा की कुजबुजला तरी वर्कशॉपपर्यंत ऐकू यावं. अलाबामात नवी नोकरी लागली होती, आणि टूबा मावेल अशी गाडी हवी म्हणून ते टूबाच घेऊन आले होते. टूबा म्हणजे माणसाला कवेत घ्यावं लागतं एवढं मोठं पितळी वाद्य. ते हिरव्या स्टेशन वॅगनमध्ये मागे नीट बसलं तेव्हाच त्यांनी हो म्हटलं होतं. आता ते किल्ली हातात धरून गाडीसमोर उभे होते. व्हर्जिलनं कॅमेऱ्याला डोळा लावला. मास्तर मधोमध आले. तेवढ्यात कडेला ओपल दिसली. ती व्हर्जिलकडे बघत, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, त्याला खिजवायला म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवत होती, आणि हसत होती. त्याचा हात आपोआप तिकडे वळला आणि बोट दाबलं गेलं.

कॅमेऱ्यातला तो शेवटचाच कागद होता. फोटो बाहेर आला तो पोलरॉइडचा असतो तसा नुसता राखाडी. चित्र उमटायला वेळ लागायचा. मास्तरांना लांब जायचं होतं. त्यांनी तो राखाडी कागद हवेत हलवत खिशात घातला, सगळ्यांशी हात मिळवले आणि निघाले. पुन्हा ती गाडी कधी दुरुस्तीलाही आली नाही. व्हर्जिलनं फोटो काढला होता, पण पाहिला कधीच नव्हता.

यंदा दुसरं वर्ष. भर उन्हात व्हर्जिल पुन्हा एकेका काचेत वाकून बघत निघाला, तेव्हा ब्युफर्ड हातात पुलाव भरावा एवढी पुडिंगची थाळी घेऊन मागून आला.

‘‘काय रे, गाड्या बघतोयस की कुठली पळवायची ते ठरवतोयस? गेल्या वर्षीही असाच वास काढत फिरत होतास.’’

‘‘तू आपलं पुडिंग खा.’’

‘‘खातोच आहे. पण तू काहीतरी शोधतोयस. मी गाड्या विकल्यात बाबा, माणसाचं तोंड वाचता येतं मला.’’

मग का कोण जाणे, कदाचित उन्हानं असेल, व्हर्जिलनं सगळं सांगून टाकलं. ब्युफर्डचा चमचा हवेतच थांबला.

‘‘टूबावाले मास्तर! आठवले की. मीच विकली ती गाडी. अरे गाढवा, हे दोन वर्षं पोटात ठेवून फिरतोयस? तोंड दिलंय कशाला देवानं?’’

‘‘कोणाला सांगू नकोस. माझा आपला खासगी मामला आहे.’’

‘‘छे, छे. कोणाला कशाला सांगू,’’ ब्युफर्ड म्हणाला, आणि व्हर्जिल बर्फाचा गोड चहा घ्यायला वळतो न वळतो तोच मैदानातल्या कर्ण्यातून त्याचा आवाज गरजला. ‘‘मंडळी, जरा इकडे लक्ष द्या! आपल्या व्हर्जिलला त्याच्या बायकोचा फोटो हवाय! हिरवी वॅगन, मालक एझेल कँट्रेल, बँडचे मास्तर, मोठा टूबा! कोणाला काही माहीत असेल तर व्हर्जिलला गाठा, तो बघा तिथं चहाच्या पिंपाशी, टोपीवाला, रागावलेला!’’

शंभरएक माना एकदम वळल्या. व्हर्जिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायाबापड्या येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. एकीनं उकडून भरलेली अंडी दिली, एकीनं पत्ता लिहून घेतला, एका गृहस्थानं आपल्या गाडीनं तीनदा पृथ्वीप्रदक्षिणा होईल एवढं अंतर कसं तोडलं ते सुरुवातीपासून सांगितलं. दुसऱ्यानं गाडीच्या छताचं लोंबणारं कापड रंगीत टाचण्यांनी कसं वर धरलंय ते दाखवायला ओढून नेलं. फोटोची खबर मात्र कोणाकडेच नव्हती.

‘‘मिळालं समाधान?’’ व्हर्जिल ब्युफर्डवर उखडला. ‘‘गावभर शोभा केलीस.’’

‘‘शोभा काय त्यात? बायको होती ना तुझी? लपवायला काय झालं?’’

व्हर्जिल जाऊन झाडाखाली बसला. पुढच्या वर्षी यायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलं. मास्तर वारले असतील, गाडी भंगारात गेली असेल. प्लास्टिकच्या दारांना भंगारवालाही विचारत नाही.

माणसं थाळ्या आवरायला लागली तेव्हा फाटकातून एक हिरवी वॅगन आली. गोगलगायीच्या चालीनं येत होती, आणि आतून बाईमाणसाचा आवाज येत होता, ‘‘ब्रेक! केझिया, ब्रेक! हां, आता हळूच.’’ गाडी दोन गचके खाऊन थांबली. एक सोळा वर्षांची मुलगी गाडी चालवत होती, आणि शेजारी तिची आई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती.

‘‘उशीर झाला हो,’’ आई उतरता उतरता म्हणाली. ‘‘अलाबामाहून हिनं चालवत आणली. वाटेत एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं.’’

‘‘तो फार जोरात होता, मम्मा,’’ मुलगी म्हणाली.

व्हर्जिल उभा राहिला होता. ब्युफर्ड मात्र धावला. ‘‘बाई, तुमच्याकडे टूबा आहे का?’’

बाई चमकल्या. ‘‘टूबा? माझ्या डॅडींचा होता. तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘एझेल कँट्रेल?’’

‘‘मी त्यांची मुलगी, लवॉन. डॅडी गेले, चार वर्षं झाली. जाईपर्यंत हीच गाडी चालवली त्यांनी. आज ती हिला द्यायचीय, त्यांच्या नातीला. टाळ्याबिळ्या वाजवून, शोरूममध्ये करायचे तशी. डॅडींची तशी इच्छाच होती.’’ मग त्या दोघांच्या तोंडांकडे बघून ती थांबली. ‘‘झालंय काय?’’

ब्युफर्डनं व्हर्जिलला कोपरानं ढोसलं.

व्हर्जिलनं टोपी काढली. ‘‘बाई, तुमच्या वडलांनी गाडी घेतली तेव्हा फोटो मी काढला होता. तो अजून आहे का?’’

लवॉन त्याच्याकडे बघत राहिली, आणि एकदम हसत सुटली. ‘‘तुम्ही? तो फोटो तुम्ही काढलात? मिस्टर, आमच्या घरात तीस वर्षं त्या फोटोग्राफरचा उद्धार चाललाय! डॅडी अर्धेच आलेत त्यात. एक कान, अर्धी मिशी आणि किल्लीचा हात. ते म्हणायचे, माझा निम्मा भाग अजून टेनेसीतच राहिलाय, एकदा जाऊन आणायला हवा.’’

‘‘मला फोटो काढायची सवय नाही,’’ व्हर्जिल पुटपुटला.

‘‘ते दिसतंच. आणि मधोमध कोण, तर टाळीमावशी!’’

‘‘कोण?’’

‘‘फोटोत एक बाई आहे, हात वर करून टाळ्या वाजवणारी. कोण आहे कोणालाच माहीत नाही, पण इतकी मनापासून हसतेय की बघणाराही हसतो. आम्ही तिला टाळीमावशी म्हणतो. या पोरीला तर सातआठ वर्षांची होईपर्यंत ती आमची खरीच नातेवाईक वाटायची. शाळेत घरच्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं, तर हिनं तिलाही काढलं.’’

‘‘मम्मा!’’ केझिया लाजली. तिनं गाडीत हात घालून काचेआडचा फोटो काढला आणि व्हर्जिलपुढे धरला.

कडा पिवळ्या पडल्या होत्या. एका बाजूला मास्तरांचा कान आणि अर्धी मिशी. आणि मधोमध ओपल. डोक्यावर हात, बारीक डोळे, तो वाकडा दात. आजूबाजूचे सगळे मास्तरांकडे बघत होते. ती एकटी सरळ व्हर्जिलकडे बघत होती.

व्हर्जिलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचं भान त्याला राहिलं नाही.

‘‘ती ओपल,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘माझी बायको. मला खिजवत होती.’’

लवॉनचा हात छातीवर गेला. ‘‘आहे का ती?’’

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग लवॉन हळूच म्हणाली, ‘‘मिस्टर व्हर्जिल, तुम्ही घेऊन जा तिला. डॅडींचे आमच्याकडे पुष्कळ आहेत.’’

‘‘नाही, नाही. गाडीबरोबर मिळालेला फोटो गाडीतच राहायचा, रिवाज आहे. आणि तुमच्या वडलांचा कान आहे त्यात. तुमच्या फोनवर काढून त्याची नक्कल द्या मला, तेवढी पुरे.’’ हे बोलताना त्यानं फोटो परत केला खरा, पण बोटं सुटता सुटेनात. केझियानं ते पाहिलं.

मग सगळे जमले. जाणारे थांबले, गाडीत बसलेले उतरले, आणि हिरव्या वॅगनभोवती गोल झाला. लवॉननं किल्ली पुढे केली. ‘‘केझिया कँट्रेल, ही तुझ्या आजोबांची गाडी. आजपासून तुझी. ब्रेक कुठे असतो ते लक्षात ठेव.’’

मुलीनं किल्ली घेतली. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच ती म्हणाली, ‘‘थांबा.’’ ती गाडीपाशी गेली, फोटो काढून घेऊन आली आणि व्हर्जिलसमोर उभी राहिली.

‘‘गाडी माझी झाली ना? म्हणजे फोटोही माझा. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवणार.’’ तिनं फोटो त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. ‘‘मावशीला घरी न्या. आजोबांचा अर्धा भागही राहू दे तिच्यासोबत, दोघांची ओळख जुनी आहे. मात्र पुढच्या वर्षी तिला इथं घेऊन यायचं. मला भेटवायला.’’

‘‘आणीन, बाळा,’’ व्हर्जिल म्हणाला.

‘‘चला, आता फोटो!’’ लवॉननं डोळे पुसत आपला फोन व्हर्जिलपुढे धरला. ‘‘तुम्हीच काढा. अर्धीच आली तरी चालेल, आमच्या घरची रीतच आहे ती.’’

‘‘त्यालाच द्या,’’ ब्युफर्ड म्हणाला. ‘‘टाळ्यांचं वावडं आहे त्याला. एवढी वर्षं शोरूममध्ये होता, एकदा टाळी वाजवली असेल तर शपथ.’’

व्हर्जिलनं फोन घेतला आणि ब्युफर्डच्याच हातात कोंबला.

‘‘हे धर. इथून बघ, इथं दाब. मला काम आहे.’’

तो जाऊन गोलात उभा राहिला. खिशातला फोटो त्यानं एकदा चाचपला. मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि टाळ्या वाजवायला लागला. खांदा दुखत होता, तरी हात खाली आणले नाहीत. केझिया लाजली, हसली, गाडीत बसली, गाडीनं दोन गचके खाल्ले आणि मैदानाला एक संथ फेरी मारली. एकेक करून सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. व्हर्जिल वाजवतच राहिला.